खेळाडूवर बंदी आली, मग सरांचे काय?

महाविद्यालयीन खेळांतील उत्तेजक द्रव्यांविषयी वाचकांची जी पत्रे आली आहेत, त्यांतील बहुतेकांत एकच तक्रार आहे : चाचणीत विद्यार्थी सापडतो आणि त्याला त्या वाटेला लावणारा प्रशिक्षक नामानिराळा राहतो. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर याच प्रश्नाला दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अठरा पूर्ण व्हायला तिला अजून काही महिने आहेत. ती चारशे मीटर धावते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिची चाचणी झाली आणि तिच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडल्याचे पत्र आले. सराव शिबिरात सर मुलींना ‘बी-बारा’चे म्हणून इंजेक्शन देत असत. आता सर म्हणतात, मी काहीच दिले नाही. मुलीवर बंदी येईल हे सगळे सांगतात, पण सरांविषयी कोणीच बोलत नाही. आम्ही काय करावे? — एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या पत्रात ‘ब’ नमुना (त्याच वेळी घेतलेल्या नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग) तपासून घेण्याची आणि लेखी म्हणणे मांडण्याची मुदत दिलेली असते. ती चुकवू नका. उत्तराचा मसुदा सरांकडून किंवा सरांच्या ओळखीच्या वकिलाकडून करून घेऊ नका, कारण या प्रकरणात तुमच्या मुलीचे हित आणि सरांचे हित आता एक राहिलेले नाही.

नियमाचा पाया कठोर आहे आणि तो तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते शरीरात कसेही गेलेले असो. प्रशिक्षकाने न सांगता औषध दिले, किंवा जवळच्याच माणसाने खाण्यापिण्यात काही मिसळले, तरी तेवढ्यावरून ‘खेळाडूचा काहीच दोष नाही’ असे धरून पूर्ण सुटका करता येत नाही, असे जागतिक उत्तेजकविरोधी संहितेच्या टिपणातच म्हटलेले आहे. आपल्या भोवतीची माणसे खेळाडू स्वतः निवडतो, असे तिथे गृहीत धरले आहे. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला हे गृहीतक लावणे मला न्याय्य वाटत नाही. तिने सर निवडलेले नसतात, जे असतात तेच तिला मिळतात.

मात्र २०२१ पासून लागू झालेल्या संहितेने ‘संरक्षित व्यक्ती’ असा एक वर्ग मानला आहे. सोळा वर्षांखालील सर्व खेळाडू त्यात येतात. तसेच जो खेळाडू अठरा वर्षांखालील आहे, नोंदणीकृत चाचणी गटात (नियमित चाचण्यांसाठी नावे नोंदलेल्या खेळाडूंच्या यादीत) नाही आणि खुल्या गटातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कधी उतरलेला नाही, तोही त्यात येतो. तुमच्या पत्रावरून तुमची मुलगी याच वर्गातील दिसते. आपला मोठा दोष नव्हता हे तिने दाखवून दिले तर शिक्षा नुसत्या समजेपासून जास्तीत जास्त दोन वर्षांच्या बंदीपर्यंत ठरू शकते. सज्ञान खेळाडूला स्टॅनोझोलॉलसारख्या स्टेरॉइडसाठी चार वर्षांच्या बंदीला तोंड द्यावे लागते, हे लक्षात घेतले तर हा फरक किती मोठा आहे ते कळेल. अशा खेळाडूचे नाव जाहीर करण्याची सक्तीही नियमांत नाही. महाविद्यालयाच्या फलकावर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी ते टाकत असेल, तर त्याला ताबडतोब लेखी हरकत घ्या.

आता सरांविषयी. उत्तेजकविरोधी नियमभंगाचे एकूण अकरा प्रकार आहेत. त्यांतील पहिले चार फक्त खेळाडूला लागू होतात. उरलेले सात प्रशिक्षक, डॉक्टर, मसाजर, व्यवस्थापक अशा सर्वांना लागू होतात : चाचणीच्या किंवा चौकशीच्या प्रक्रियेत ढवळाढवळ करणे, बंदी असलेले द्रव्य बाळगणे, त्याचा पुरवठा करणे, ते खेळाडूला देणे, दुसऱ्याच्या नियमभंगात संगनमत करणे, बंदी असलेल्या माणसाशी व्यावसायिक संबंध ठेवणे आणि तक्रार करणाऱ्याला धमकावणे किंवा त्याच्यावर सूड उगवणे. पुरवठा करणे किंवा द्रव्य देणे यांसाठी किमान चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे. द्रव्य संरक्षित व्यक्तीला दिले असेल आणि ते स्टेरॉइडसारखे असेल, तर साहाय्यक व्यक्तीला, म्हणजे प्रशिक्षक, डॉक्टर अशांना, आजन्म बंदीच द्यावी असे नियम सांगतो. तुम्ही लिहिले तसे घडल्याचे सिद्ध झाले, तर तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी जड शिक्षा त्या प्रशिक्षकाला व्हायला हवी.

संरक्षित व्यक्ती चाचणीत सापडली, किंवा एकाच प्रशिक्षकाचे एकाहून अधिक खेळाडू सापडले, तर त्या प्रशिक्षकाची चौकशी उत्तेजकविरोधी संस्थेने आपणहून करावयाची असते. तुमच्या तक्रारीची वाट पाहत बसण्याची मुभा तिला नाही. तरीही तुम्ही पत्र लिहाच, त्यात या तरतुदीचा उल्लेख करा आणि चौकशी सुरू झाली का, हे लेखी विचारा. अशा पत्राला उत्तर न देता ते फाइलला लावून ठेवणे पुढे अवघड जाते.

सगळा भार आता पुराव्यावर आहे. प्रशिक्षकाच्या लघवीत काही सापडणार नसते. त्याच्याविरुद्ध साक्षी, कागद आणि मोबाइलमधील संदेश लागतात. सुदैवाने फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा इथे लागत नाही. शिस्तपालन पॅनेलची ‘समाधानकारक खात्री’ होईल इतका पुरावा पुरतो आणि तो कोणत्याही विश्वासार्ह मार्गाने आलेला चालतो. शिबिरातील इतर मुलींनाही इंजेक्शन दिले जात होते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या पालकांशी आजच बोला. औषधांची बिले, सरांना पाठवलेले यूपीआयचे पैसे, ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ अशा अर्थाचे संदेश, कुपीवरील लेबलचा फोटो, यांपैकी जे हाती असेल ते तारखेसह जपून ठेवा आणि मोबाइल बदलू नका. मुलीने दिलेल्या माहितीमुळे दुसऱ्या कोणाचा नियमभंग उघडकीस आला, तर तिच्या बंदीचा तीन-चतुर्थांशपर्यंत भाग स्थगित होऊ शकतो. खरे बोलण्याने तिची बाजू दुबळी होत नाही, हे तिला समजावून सांगा.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. नमुना देताना भरला जाणारा डोप कंट्रोल फॉर्म मागवा. त्यात गेल्या सात दिवसांत घेतलेल्या औषधांची नोंद असते आणि प्रशिक्षकाचे नावही असते. अल्पवयीन खेळाडूबरोबर चाचणीच्या खोलीत प्रतिनिधी म्हणून कोण बसले होते, हेही तिथे दिसते. अशा वेळी बहुधा सरच बसलेले असतात. औषधांच्या रकान्यात काय लिहायचे हे ज्याने सुचवले असेल, त्यानेच शेजारी बसून सही केलेली असते. त्या रकान्यात ‘बी-बारा’ लिहिलेले असेल किंवा तो रकाना कोरा असेल, तर तो कोणाच्या सांगण्यावरून तसा आहे, हे मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे.

प्रश्न : मी एका अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक आम्ही हंगामापुरते मानधनावर बोलावतो. त्यांच्याविषयी कुजबूज ऐकू येते. उद्या काही निघाले तर महाविद्यालय अडचणीत येईल का? प्राचार्यांचे मत असे की, त्यांचा राजीनामा घ्यावा आणि विषय संपवावा. — मराठवाडा

उत्तर : राजीनामा घेऊन विषय संपवणे हीच आपल्याकडची सर्वांत रूढ पद्धत आहे आणि माझ्या मते महाविद्यालयीन खेळांचे सर्वाधिक नुकसान तिनेच केले आहे. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक ‘वैयक्तिक कारणास्तव’ जातात, कोठेही काही नोंदले जात नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तेच गृहस्थ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात पदकांच्या यादीसह रुजू होतात. तिथल्या प्राचार्यांना कोणी काही सांगत नाही, कारण सांगायला कागदच नसतो. आपल्या संस्थेचे नाव वाचते, पण पुढच्या संस्थेतील मुले त्या माणसाच्या हाती सोपवली जातात.

शिवाय राजीनाम्याने त्याची सुटका होत नाही. नियमभंगाची कारवाई घटनेपासून दहा वर्षांपर्यंत सुरू करता येते, आणि पद सोडले किंवा निवृत्ती घेतली तरी घटना घडली तेव्हाचा अधिकार नाडाकडे कायम राहतो. पाच-सात वर्षांनी चौकशी आली आणि महाविद्यालयाला माहिती असूनही ती दडवली असे दिसले, तर त्या वेळी सही करणाऱ्यांना उत्तर द्यावे लागेल. नियमभंग झाकण्यास मदत करणे हे संगनमताच्या व्याख्येतच बसते. त्यासाठी दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे, आणि संघाबरोबर जाणारे शारीरिक शिक्षण संचालकही नियमांच्या दृष्टीने साहाय्यक व्यक्तीच असतात. मी हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. प्राचार्यांपुढे मांडायला तुमच्याकडे काही ठोस असावे, म्हणून लिहीत आहे.

तुमची खरी अडचण नेमणुकीच्या पद्धतीत आहे. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा दिला, झडती घेण्याचे व वस्तू जप्त करण्याचे अधिकार दिले आणि खेळाडूंबरोबर साहाय्यक व्यक्तींनाही कक्षेत घेतले. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा यांत संघाचा प्रशिक्षक म्हणून ज्याचे नाव गेले, त्याला हे नियम लागू होतात यात शंका नाही. पण ज्याचे नाव संघाच्या यादीत कधी येतच नाही, जो गावातील मैदानावर पहाटे मुलांना पळवतो आणि ज्याला मानधन पाकिटातून मिळते, त्याला गाठणे अवघड असते. यादीत तुमचे नाव, मैदानात त्याचा शब्द, अशी ही व्यवस्था आहे, आणि चौकशी आली की कागदावर तुम्हीच उरता.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे नेमणुकीचे पत्र. एका हंगामाचे असले, दोन हजारांच्या मानधनाचे असले, तरी पत्र हवे. ‘मी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी नियमांना बांधील आहे, चौकशीत सहकार्य करीन, कोणत्याही विद्यार्थ्याला कोणतेही औषध, इंजेक्शन अथवा पूरक आहार स्वतः देणार नाही, आणि माझ्यावर नाडाची कारवाई झाल्यास महाविद्यालय मला तत्काळ कामावरून दूर करू शकेल’, एवढी चार वाक्ये त्यात असली तरी पुरे. पूर्वी कोणत्या संस्थेत काम केले आणि ते का सोडले, हेही लिहून घ्या आणि त्या संस्थेला फोन करा. जो या पत्रावर सही करायला कचरतो, त्याला मैदानावर पाठवू नका.

दुसरी गोष्ट सुईची. शिबिरात विद्यार्थ्याला इंजेक्शन द्यायचे झाले तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि दवाखान्यातच, हा नियम जिमखान्याच्या दारावर लावा. सलाइनचेही तसेच आहे. बारा तासांत शंभर मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणे ही स्वतःच बंदी असलेली पद्धत आहे, मग त्या बाटलीत नुसते मिठाचे पाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय तपासण्या यांनाच त्यातून सूट आहे. ‘रिकव्हरी’च्या नावाखाली वसतिगृहाच्या खोलीत खुंटीला टांगलेल्या बाटल्या अनेकांनी पाहिल्या असतील. पाहूनही तोंडावर बोट ठेवणारे कमी नाहीत.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था जागतिक संहितेच्या बाहेर राहिली आहे आणि तिच्या चाचणीव्यवस्थेवर टीकाही होते. पण तिच्या नियमावलीतील एक कलम आपल्या विद्यापीठांनी उचलावे असे आहे. विद्यार्थी बंदी असलेले द्रव्य घेत आहे हे ज्या कर्मचाऱ्याला कळले आणि ज्याने महाविद्यालयाने ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली नाही, तो कर्मचारी स्वतः शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाला तशी लेखी कार्यपद्धती आधी तयार करावी लागते. आपल्या किती विद्यापीठांच्या क्रीडा विभागांकडे असा एक पानी कागद आहे, हे क्रीडा मंडळाच्या बैठकीत तुम्ही विचारावे असे मला वाटते.

तुम्ही ऐकलेली कुजबूज ऐकीव असेल, तर प्रशिक्षकाला त्यावरून दोषी ठरवू नका. पण काय, कोणाकडून आणि कधी ऐकले याचे टिपण करून ते नाडाला गोपनीय म्हणून पाठवा. खरेखोटे ठरवणे त्यांचे काम आहे, कळवणे तुमचे.

प्रश्न : मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे. मुले माझ्याकडे दोन तास असतात, बाकीचा वेळ व्यायामशाळेत. तिथे त्यांना कोण काय देते ते मला कळत नाही. एखादा मुलगा सापडला तर मीही अडकणार का? — कोल्हापूर

उत्तर : केवळ तुमचा खेळाडू सापडला म्हणून तुम्हाला शिक्षा होत नाही. संगनमत म्हणजे जाणूनबुजून मदत करणे, प्रोत्साहन देणे, कट करणे किंवा झाकणे. यांपैकी काही केल्याचे दाखवावे लागते. मात्र तुमचे एकाहून अधिक खेळाडू सापडले तर चौकशी होणारच, आणि तिला अपमान समजू नका. प्रामाणिक प्रशिक्षकाला तिच्यात गमावण्यासारखे काही नसते.

पण ‘मला कळत नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. संहितेत प्रशिक्षकाची कर्तव्ये लिहिलेली आहेत. नियम माहीत असणे हे त्यांतले पहिले आणि खेळाडूंवरील आपला प्रभाव उत्तेजकांविरुद्ध वापरणे हे त्यांतले एक. महिन्याभरात वजन सहा-सात किलोंनी वाढले, चेहऱ्यावर आणि पाठीवर अचानक पुटकुळ्या आल्या, स्वभाव चिडखोर झाला, मुलीचा आवाज जाड होऊ लागला, तर रोज समोर उभ्या असलेल्या खेळाडूतील हा बदल दोन तासांतही दिसतो. वाढत्या वयात स्टेरॉइडने हाडांची वाढ लवकर थांबू शकते, यकृत आणि हृदय यांच्यावर परिणाम होतो. मेफेंटरमिनच्या इंजेक्शनचे पेव व्यायामशाळांत फुटलेले आहे आणि महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे अनेकदा पकडले आहेत. हे औषध रक्तदाब वाढवण्यासाठी रुग्णालयात वापरायचे असते आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. आपल्या मुलांच्या व्यायामशाळेत एकदा जाऊन या. तिथल्या कपाटात काय आहे ते पाहा, आणि मुलांना औषधाचे नाव तपासण्यासाठी नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप मोबाइलवर घ्यायला लावा. सर्दीच्या गोळीपासून सुरुवात करा, म्हणजे सवय लागेल.

प्रश्न : आमच्या संघात सर काही निवडक मुलांना गोळ्या देतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तक्रार केली तर संघातून नाव जाईल, आणि खेळाडू म्हणून नोकरीत मिळणारे आरक्षणही हातचे जाईल. काय करू? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमची भीती खरी आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळवून देणारी प्रमाणपत्रे स्पर्धांतूनच येतात. संघाची निवड ज्याच्या हाती, त्याच्याच हाती विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य, अशी ही स्थिती आहे. म्हणून तर सरांचा शब्द मोडणे मुलांना जमत नाही. प्रशिक्षकाचा दोष खेळाडूपेक्षा मोठा मानावा, असे मी म्हणतो त्यामागेही हेच कारण आहे.

तक्रार करणाऱ्याला धमकावणे किंवा त्याच्यावर सूड उगवणे हा २०२१ पासून अकरावा स्वतंत्र नियमभंग आहे. त्यासाठी दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे तुम्ही सद्भावनेने माहिती दिली आणि सरांनी त्या रागाने तुम्हाला संघातून काढले, तर गोळ्यांचा आरोप सिद्ध होवो वा न होवो, काढण्याबद्दलची कारवाई वेगळी होऊ शकते. नाडाकडे गोपनीय माहिती देता येते. तिथे विश्वास वाटत नसेल तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची ‘स्पीक अप’ ही ऑनलाइन सोय आहे, आणि तिथे नाव न सांगताही लिहिता येते. जे पाहिले तेच लिहा. कोणत्या दिवशी, कुठे, कोणत्या रंगाची पट्टी, कोणासमोर. ‘सगळे घेतात’ असे लिहू नका, त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. आणि मित्रांच्या गटात याची वाच्यता करू नका, कारण चौकशीच्या आधी बातमी फुटली की कपाटे रिकामी होतात.

घरी एका मोठ्या माणसाला मात्र सांगा. हे ओझे एकट्याने वाहू नये.

प्रश्न : भारतात आजवर किती प्रशिक्षकांना खरोखर शिक्षा झाली? आणि नुसत्या बंदीने काय होणार, अशांना तुरुंगात का पाठवत नाहीत? — निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : आपल्या देशात खेळाडूंवरील कारवाया शेकड्यांनी मोजाव्यात इतक्या आहेत. वाडाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ सदोष निघाले, म्हणजे त्यांत बंदी असलेले द्रव्य सापडले. २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६० सदोष निघाले. या प्रत्येक नमुन्यामागे कोणी ना कोणी प्रशिक्षक असतो. त्या तुलनेत प्रशिक्षकांवरील कारवाया बोटावर मोजण्याइतक्या आहेत.

२०११ मधील प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघांतील अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस यांच्यासह सहा धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. चीनमधून आणलेल्या जिनसेंग या वनौषधीच्या पूरकातून हे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. पॅनेलने एक वर्षाची बंदी दिली, पुढे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. त्यांचे युक्रेनी प्रशिक्षक युरी ओगोरोडनिक यांना तत्कालीन क्रीडामंत्री अजय माकन यांनी पदावरून दूर केले. मुलींची दोन वर्षे गेली, प्रशिक्षकाची नोकरी गेली. ती पूरके छावणीत कोणाच्या देखरेखीखाली घेतली जात होती, हा प्रश्न त्या मुलींना जितक्या कठोरपणे विचारला गेला, तितक्या कठोरपणे छावणी चालवणाऱ्यांना विचारला गेला नाही, असे मला आजही वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी येताच अनेक खेळाडू निघून गेले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. तेव्हाही चर्चा पळालेल्यांची झाली, त्यांना तयार करणाऱ्यांची फारशी झाली नाही. जुलै २०२५ मध्ये मात्र राष्ट्रीय कनिष्ठ ॲथलेटिक्स संघाच्या मुख्य प्रशिक्षकावरच नाडाने संगनमताच्या आरोपावरून तात्पुरत्या निलंबनाची कारवाई केली. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे सांगूनही मी याला महत्त्व देतो, कारण इतक्या वरच्या पदाकडे बोट दाखवण्याची तयारी आधी क्वचितच दिसली होती.

प्रशिक्षकाला पकडण्यासाठी खेळाडू चाचणीत सापडलाच पाहिजे असे नाही, हे अल्बर्टो सालाझार यांच्या प्रकरणाने दाखवले. नायकी ओरेगॉन प्रोजेक्ट या नामांकित अमेरिकी धावपटूगटाचे ते प्रशिक्षक होते. दोहा येथील जागतिक स्पर्धा सुरू असतानाच २०१९ मध्ये त्यांच्यावर व गटाचे डॉक्टर जेफ्री ब्राउन यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्या प्रकरणात त्यांचा एकही खेळाडू चाचणीत सदोष आढळलेला नव्हता. टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा, मर्यादेपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणे आणि प्रक्रियेत ढवळाढवळ हे आरोप ईमेल, वैद्यकीय नोंदी आणि साक्षीदार यांच्या आधारे सिद्ध करण्यात आले. टेस्टोस्टेरॉनचे मलम किती लावले तर चाचणीत दिसते, याचा प्रयोग त्यांनी आपल्याच मुलांवर केला होता. २०२१ मध्ये क्रीडा लवादाने ही बंदी कायम ठेवली. संघातून बाहेर पडलेल्या धावपटूंनी आणि माजी साहाय्यक प्रशिक्षकाने तोंड उघडले, म्हणून हे शक्य झाले. आपल्याकडे चौकशी करणारी माणसे आणि बोलणारे साक्षीदार, दोन्हींची वाण आहे.

तुरुंगाविषयी माझे मत सांगतो. इटलीने २००० मध्ये आणि जर्मनीने २०१५ मध्ये उत्तेजकांचा व्यवहार फौजदारी गुन्हा ठरवला. आपल्या २०२२ च्या कायद्यात तुरुंगवास नाही. खेळाडूला तुरुंगात टाकणे मला मान्य नाही, कारण त्याची शिक्षा मैदानावरच व्हावी. पण अल्पवयीन विद्यार्थ्याला स्टेरॉइड टोचणारा माणूस खेळाचा नियम मोडतो तसाच मुलाच्या शरीराला इजाही करतो. इजा होईल हे माहीत असताना हानिकारक औषध देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि चिठ्ठीशिवाय अशी औषधे विकणे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे. गंभीर प्रकरणे संबंधित प्रशासकीय वा न्यायिक यंत्रणेला कळवावीत, असे उत्तेजकविरोधी नियमांतच लिहिलेले आहे. नाडाने अशी प्रत्येक फाइल पोलिसांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवायला सुरुवात केली, तर नव्या कलमाची वाट पाहण्याची गरज उरणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘दुसऱ्याने केले’ हा बचाव प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव याला रिओ ऑलिंपिकच्या आधी २०१६ मध्ये कटाच्या दाव्यावर नाडाच्या पॅनेलने निर्दोष सोडले, पण क्रीडा लवादाने तो दावा पुराव्याअभावी नाकारून चार वर्षांची बंदी घातली. प्रशिक्षकावरील आरोपालाही हीच कसोटी लागली पाहिजे. निष्पाप प्रशिक्षक बळीचा बकरा होऊ नये, ही काळजी या सदरातील प्रत्येक उत्तराला लागू आहे.

प्रश्न : बंदी आलेल्या एका प्रशिक्षकाने आमच्या भागात खासगी अकादमी काढली आहे. मुलाला तिथे पाठवावे का? फी कमी आहे. — एक पालक, फोंडा

उत्तर : पाठवू नका. बंदी भोगत असलेल्या प्रशिक्षकाकडून सराव, तंत्र, आहाराचा सल्ला किंवा औषधोपचार यांपैकी काहीही घेणे हा खेळाडूचा स्वतःचा नियमभंग ठरतो आणि त्यासाठी साधारणतः दोन वर्षांची बंदी आहे. दोष फार नसेल तर ती एक वर्षापर्यंत खाली येते. खेळाडूला त्या माणसावरील बंदीची माहिती होती, हे नाडाला दाखवावे लागते. तुम्हाला ती आहे, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. अकादमी पत्नीच्या किंवा शिष्याच्या नावावर असली तरी उपयोग नाही, कारण अशा माणसासाठी पुढे उभ्या केलेल्या व्यक्तीलाही हाच नियम लागू होतो. तो प्रशिक्षक तुमच्या मुलाचा वडील किंवा काका असता आणि घरात एकत्र जेवत असता तर त्याला हरकत नव्हती. मैदानावर शिट्टी वाजवण्याला आहे.

बंदी संपल्याची तारीख नाडाच्या निकालपत्रात असते. ते निकाल नाडाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. अकादमीच्या दारावर काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून आधी तो कागद वाचा.